सीओटूचं मशीन आणलं, तरी पोट फुगतंच

प्रश्न : मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये एंडोस्कोपीची सिस्टर आहे. चार महिन्यांपूर्वी सरांनी सीओटूचं, म्हणजे तपासणीत आतडं हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडने फुगवायचं मशीन घेतलं. रोज पाच-सहा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) होतात, पण पेशंटचं पोट पहिल्यासारखंच फुगतं. परवा एक आजी केस झाल्यावर राधानगरीच्या एसटीत बसल्या आणि अर्ध्या वाटेवरून मुलाचा फोन आला, "आईचं पोट नगाऱ्यागत झालंय, खाली उतरवू काय?" सर म्हणतात मशीन उगाच घेतलं. वर तीन किलोचा सिलिंडर चार दिवसांत रिकामा. गेजचा काटा तीन दिवस जागचा हलत नाही आणि चौथ्या दिवशी बसतो, तोही केस चालू असताना. सप्लायर कमी भरून देतो का? शिरोलीतले एक ओळखीचे फाउंड्रीतला मोठा सिलिंडर स्वस्तात देतो म्हणतात, घ्यावा का? दम्याच्या पेशंटला हा गॅस चालतो का? आणि आमच्या दोघी-तिघींचं दुपारपर्यंत डोकं चढतं, त्याचा याच्याशी काही संबंध?

उत्तर : सिस्टर, मशीनला नावं ठेवायच्या आधी उद्या सकाळी पहिल्या केसपूर्वी पाच मिनिटं काढा. स्टीलच्या वाडग्यात स्वच्छ पाणी घ्या. स्कोप, म्हणजे दुर्बिणीची नळी, जोडा, वॉटर बॉटल लावा, प्रोसेसर आणि लाइट सोर्स चालू करा, केसला करता तसं सगळं. फक्त सीओटूचं मशीन बंद ठेवा आणि सिलिंडरही चावीने बंद करा. आता स्कोपचं टोक पाण्यात चार बोटं बुडवा आणि एअर-वॉटरच्या बटणावर जे बारीक भोक असतं त्यावर बोट ठेवा. एकही बुडबुडा यायला नको. आला, तर चार महिने तुमच्या पेशंटच्या पोटात सीओटूच्या जोडीने साधी हवा जात होती.

तुमचं पत्र वाचून आमचा अंदाज असाच आहे की बुडबुडे येतील.

लाइट सोर्सच्या, म्हणजे स्कोपला उजेड देणाऱ्या पेटीच्या, पोटात हवेचा एक छोटा पंप असतो. पॅनेलवर त्याचं बटण असतं : बंद, लो, मीडियम, हाय. सीओटूचं मशीन विकत घेऊन शेजारी ठेवलं आणि नळी बॉटलला जोडली, म्हणून हा पंप आपोआप बंद होतो असं नाही. तो हाताने बंद करावा लागतो. दोन्ही चालू राहिले तर दोघांचा गॅस त्याच वॉटर बॉटलमधून, त्याच बारीक चॅनेलमधून आत जातो. पडद्यावर आतडं छान उघडलेलं दिसतं, सीओटूच्या मशीनवर हिरवा दिवा असतो, कुणाला काही कळत नाही. कळतं ते राधानगरीच्या एसटीत.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी कंपनीच्या माणसाने पंप बंद करून दाखवला असणार. मग तो परत चालू कोण करतं? बहुतेक वेळा करणारी व्यक्ती आपलं काम चोख करत असते. केस संपली, स्कोप बाहेर आला की एअर-वॉटरचं बटण काढून त्या जागी चॅनेल धुण्याचं वेगळं बटण, म्हणजे क्लीनिंग अडॅप्टर, बसवायचा. पंप हायवर करायचा, अर्धा मिनिट पाणी, मग दहा सेकंद हवा. हे व्हायलाच हवं. नाहीतर उलट्या दिशेने चढलेली शेंबडासारखी घाण त्या काडीएवढ्या चॅनेलमध्ये वाळते आणि मग कुठल्याही ब्रशने निघत नाही, कारण एअर चॅनेलमध्ये ब्रश जातच नाही. पण या धुण्यासाठी पंप चालू करावा लागतो, आणि पुढचा पेशंट टेबलावर आला की तो तसाच राहतो. पहिल्या दिवशी पहिली केस सीओटूवर, दुसरीपासून मिसळ.

यावर उपाय कागदावरच्या चेकलिस्टचा नाही, तोंडी बोलण्याचा. पेशंटचं नाव आणि प्रोसिजर मोठ्याने म्हणता, त्याच दमात "पंप बंद, सीओटू चालू" हे पॅनेलकडे बघून म्हणा. पंपाच्या बटणाशेजारी लाल चिकटपट्टी लावा. धुण्याच्या वेळी उलटं : सीओटू बंद, पंप चालू. म्हणजे दर केसला दोन बटणं दोनदा फिरतात. ते ज्या एका हाताचं काम ठरेल त्याच हाताचं ठेवा. दोघींनी अर्धं-अर्धं वाटून घेतलं की ते राहतंच.

हवा आणि सीओटूमध्ये एवढा फरक का पडतो, हे सरांना नाही तरी पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं लागेल. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो रक्तात विरघळायला अतिशय नाखूश. आत गेलेल्या हवेला बाहेरचा रस्ता एकच, खालून, आणि स्कोपने वेडीवाकडी झालेली, गुंगीने सुस्तावलेली आतडी तो लवकर उघडत नाहीत. सीओटू मात्र पाण्यात सहज विरघळतो. सोड्याच्या बाटलीत तो कोंडता येतो ते याचमुळे. आतड्याच्या अस्तरातून तो नायट्रोजनपेक्षा सुमारे १६० पट वेगाने रक्तात जातो असं धरतात. तिथून फुप्फुसात, श्वासावाटे बाहेर. म्हणून नुसत्या सीओटूवर केलेल्या कोलोनोस्कोपीनंतर अर्ध्या तासात पोट बऱ्यापैकी उतरतं. मिसळ झाली तर सीओटूचा भाग निघून जातो आणि हवेचा भाग तसाच बसतो. तेव्हा सरांचं "मशीन उगाच घेतलं" हे त्यांच्या अनुभवापुरतं खरं असू शकतं. त्यांनी नुसत्या सीओटूवर पेशंट पाहिलेच नसतील तर फरक दिसणार कुठून?

मिसळीचा धोका फुगण्यापुरता राहत नाही. सीओटू कोलोनोस्कोपीत आला तो मुळात आरामासाठी नाही, स्फोट टाळण्यासाठी. आतड्यातले जंतू न पचलेल्या साखरेपासून हायड्रोजन आणि मिथेन करतात, दोन्ही जळणारे. फ्रान्समधल्या एका पेशंटची हकीकत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅनिटॉल हे साखरेसारखं औषध देऊन पोट साफ केलं होतं, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) काढताना कॉटरीची (विजेने जाळून कापायच्या साधनाची) ठिणगी पडली आणि मोठ्या आतड्यात स्फोट होऊन पेशंट दगावला. मॅनिटॉल ही जंतूंना मेजवानीच. आज पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरतात ते याही कारणासाठी. पण नुसता एनिमा देऊन अर्धवट साफ झालेल्या पोटात कॉटरी किंवा आर्गॉन (आर्गॉन वायूच्या फवाऱ्यातून विजेने जाळायचं साधन) चालवायची वेळ आजही येते. तिथे पंप चालू असेल तर सर समजतात आत सीओटू आहे आणि तुम्ही मात्र ऑक्सिजन पुरवत असता.

आर्गॉनवरून आठवलं. आर्गॉन प्लाझ्मा चालवताना त्याचा स्वतःचा गॅस मिनिटाला अर्धा ते दोन लिटर आत येत असतो. तो सीओटूसारखा शोषला जात नाही. फवाऱ्यांच्या मध्ये सक्शन करायची आठवण सरांना टेबलाशेजारच्या सिस्टरनेच करून द्यायची असते.

वाडग्याची दुसरी परीक्षा आता. पंप बंद, सीओटू चालू, टोक पाण्यात. भोकावर बोट नसताना बुडबुडा यायला नको. आला, तर बटणाचं रबर झिजलंय किंवा बटण दुसऱ्या स्कोपचं आहे. असं बटण लावून केस केली तर सरांनी बोट काढलं तरी पोट भरतच राहतं. बोट ठेवल्यावर बुडबुड्यांची सलग माळ यायला हवी. माळ तुटक असेल किंवा येतच नसेल तर मशीनवर प्रेशर वाढवायच्या फंदात पडू नका, वॉटर बॉटल बघा. झाकण आटा चुकून तिरपं बसलेलं असतं, किंवा त्यातली ओ-रिंग ऑटोक्लेव्ह करून करून चिरलेली असते, किंवा बॉटल गळ्यापर्यंत भरलेली असते. पाणी दोन-तृतीयांशच्या वर नको, वरती गॅसला जागा लागते. बॉटल सीओटूसाठीचीच हवी, झाकणाला गॅसची वेगळी नळी असलेली. दिवसाला एकदा ती निर्जंतुक करून नवीन स्टेराइल पाणी भरायचं हे तुम्ही करत असालच.

आता सिलिंडर. सप्लायरवर संशय घेण्याआधी हिशेब करू.

साधं बटण, म्हणजे भोकाचं, असेल तर गॅस दोनच ठिकाणी जाऊ शकतो : बोट ठेवलं की पेशंटमध्ये, बोट काढलं की खोलीत. मशीन चालू आहे तोवर तो वाहतोच. साधारण प्रवाह मिनिटाला दीड लिटर धरा. तुम्ही सकाळी नऊला मशीन चालू करून दुपारी दोनला बंद करत असाल तर पाच तासांत ४५० लिटर गेले. एक किलो द्रव सीओटूचा सुमारे ५४० लिटर गॅस होतो. म्हणजे रोजचे ८३० ग्रॅम, आणि तीन किलो साडेतीन दिवसांत साफ. तुमचे चार दिवस इथेच सापडले. सप्लायर बिचारा सुटला.

मशीन फक्त स्कोप आत असताना चालू ठेवलंत तर? सहा केसेस, वीस-वीस मिनिटं, १८० लिटर, म्हणजे ३३० ग्रॅम. तोच सिलिंडर नऊ दिवस जाईल. आणि रात्रभर चालू राहिलं तर बारा तासांत हजाराच्या वर लिटर, दोन किलो, एकही केस न करता. काही मशीनना ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याचा टायमर असतो. तुमच्यात असला तर लावून घ्या.

याहून चांगला मार्ग म्हणजे गॅस-वॉटरचं वेगळं बटण. त्याला भोक नसतं, दाबलं तरच गॅस जातो, एरवी बंद. तुमच्या स्कोपच्या कंपनीचं, त्याच मॉडेलला चालणारं मागवा. सर सुरुवातीला कुरकुर करतील, कारण नुसतं बोट टेकवायची सवय मोडून दाबायची सवय लावावी लागते. आठवडाभर जातो. पण सिलिंडर वाचतोच, आणि नकळत बोट टेकून राहिल्याने पोट भरत जाण्याची भानगडही संपते. आमच्या मते मशीन घेतानाच हे बटण घ्यायला हवं होतं. विकणारा ते सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

काटा तीन दिवस का हलत नाही? सिलिंडरमध्ये सीओटू बराचसा द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. तुम्ही गॅस काढाल तसा द्रव उकळून ती जागा भरतो, दाब तोच राहतो : २० अंश सेल्सियसला सुमारे ५७ बार, २५ अंशांना सुमारे ६४. काटा फक्त खोलीचं तापमान दाखवतो म्हटलं तरी चालेल. द्रवाचा शेवटचा थेंब संपला की काटा उतरायला लागतो. त्या क्षणी सिलिंडरमध्ये ढोबळमानाने पाव हिस्सा किंवा थोडा जास्त गॅस शिल्लक असतो. तुमच्या वापराने तो दिवसभराचा. म्हणून काटा हलला की तो सिलिंडर संपायला आला असं धरा आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या केसआधी बदला, सहावी केस चालू असताना नाही.

शिल्लक मोजायचा खरा मार्ग वजनकाटा. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं. आला की वजन करा, वजाबाकी करा, वहीत तारीख टाकून लिहा. आठवड्यातून दोनदा परत ठेवा. सप्लायरशी बोलायचं झालं तर ही वही पुढे करा, काट्याचा फोटो नाही.

एप्रिल-मे मध्ये एक गोष्ट होते. सिलिंडर मागच्या व्हरांड्यात पत्र्याखाली ठेवला जातो. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, कितीही दाबला तरी. मग आतला दाब तापमानाबरोबर भराभर चढतो आणि उन्हातून आणलेला अर्धा सिलिंडर काट्यावर भरलेला दिसतो. एसी खोलीत तासभर थंड होऊ द्या, मग बघा. साठाही सावलीत, साखळीने भिंतीला बांधून, उभाच ठेवायचा. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, तिथे गोठतो आणि बर्फाच्या भुश्याने वाट बुजते. अशा वेळी काही जण गरम पाण्याचा फडका लावतात. लावू नका, बंद करून उभा करा, वितळू द्या.

सिलिंडर बदलताना योकमधला, म्हणजे सिलिंडर जोडायच्या पकडीतला, वॉशर बघा. तो एकच हवा. जुना चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसवला तर दोन वॉशरच्या जाडीमुळे योकमधल्या पिना भोकात नीट जात नाहीत. त्या पिना चुकीचा सिलिंडर बसू नये म्हणूनच आहेत. सीओटूला एक आणि सहा नंबरची जागा, ऑक्सिजनला दोन आणि पाच. सीओटूचा सिलिंडर राखाडी, ऑक्सिजनचा काळा आणि पांढऱ्या खांद्याचा. घाईत पिन घासून किंवा काढून काम भागवणारे लोक असतात. स्कोपमधून ऑक्सिजन सोडून कॉटरी चालवली तर काय होईल ते वर स्फोटाच्या परिच्छेदात आलंच आहे. जोडणी झाली की सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, फेस फुगला तर गळती.

तर फाउंड्रीचा सिलिंडर : नको. शिरोली, गोकुळ शिरगावला सीओटू भरपूर असतो हे खरं. सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर (साच्याच्या आतले गाभे) घट्ट करायला आणि वेल्डिंगला तो लागतो. पण कोअरला ओलावा, तेलाचा अंश, कॉम्प्रेसरचा वास काही फरक पाडत नाही, आतड्याच्या अस्तराला पाडतो. चुन्याच्या निवळीत सोडलात तर दोन्ही गॅस निवळी सारखीच दुधाळ करतील. ती फक्त हा सीओटू आहे एवढं सांगते, किती स्वच्छ आहे ते नाही. तुम्हाला हवा तो लेबलवर आयपी (भारतीय औषधसंहितेची प्रत), बॅच नंबर आणि भरल्याची तारीख असलेला. मूळ गॅस साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला असला तरी हरकत नाही, औषधी प्रतीपर्यंत शुद्ध केला आहे आणि कुणीतरी सही करून जबाबदारी घेतली आहे, हे महत्त्वाचं. शिवाय फाउंड्रीच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, म्हणजे अडॅप्टर आलं, म्हणजे पिनांचं संरक्षण गेलं. काही मोठ्या औद्योगिक सिलिंडरमध्ये तळापर्यंत जाणारी आतली नळी असते, ती द्रवच वर काढते. तो तुमच्या मशीनमध्ये शिरला तर मशीन संपलं.

ओघात आणखी एक. ऑपरेशन थिएटरमधलं लॅप्रोस्कोपीचं सीओटू मशीन एंडोस्कोपीला लावून बघू, असं कुणी सुचवलं तर तेही नको. ते पोटाच्या पोकळीतला १२ ते १५ मिलिमीटर मर्क्युरीचा दाब राखायला बनवलंय. स्कोपच्या अरुंद चॅनेलचा अडथळा त्याला पोट भरल्यासारखा वाटतो आणि ते गॅस रोखतं. मग कुणीतरी दाबाची मर्यादा वाढवतं. तिथून पुढचं आम्हाला लिहायचं नाही.

डोकं चढण्याचं. खोली बारा बाय चौदा फूट, दहा फूट उंच धरली तर साधारण ४७ हजार लिटर हवा. त्यात तासाला ९० लिटर सीओटू भोकातून, आणि आत पाच माणसं असतील तर त्यांच्या श्वासाचा जवळपास तेवढाच. खोली पूर्ण बंद असती तर दुपारी दोनपर्यंत नुसत्या गळतीने प्रमाण एक टक्क्याच्या आसपास गेलं असतं. आठ तासांच्या कामासाठी मानली जाणारी मर्यादा अर्धा टक्का आहे. दार उघडझाप होतं म्हणून एवढं होत नाही, पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच फिरवतो, हे विसरतो आपण. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा, दोन केसच्या मध्ये दार सताड उघडा, बिनभोकाचं बटण लावा. एवढ्याने फरक पडला नाही तर स्कोप बुडवायचा ग्लुटरअल्डिहाइड या जंतुनाशकाचा ट्रे त्याच खोलीत आहे का ते बघा. डोळे चुरचुरत असतील तर आधी तोच संशयित.

दम्याचे पेशंट. साधा दमा, इनहेलरवर ताब्यात असलेला, त्याला सहसा अडचण येत नाही. शरीर स्वतःच विश्रांतीत मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आसपास सीओटू तयार करत असतं. आतड्यातून आलेली भर जागा माणूस थोडा खोल श्वास घेऊन सहज फेकतो. प्रश्न येतो तो जुन्या सीओपीडीवाल्यांचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्यांचा, ज्यांच्या रक्तात सीओटू आधीच ४५ मिलिमीटर मर्क्युरीच्या वर असतो, घरी ऑक्सिजन लागतो, किंवा झोपेत श्वास अडतो. त्यावर प्रोपोफॉलची गुंगी दिली की खोल श्वास घेण्याची सोय गेली. आणि इथे पल्स ऑक्सिमीटर फसवतो. नाकाला ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा आकडा ९८ दाखवत राहतो आणि आत सीओटू चढत असतो. अशा पेशंटला श्वासातला सीओटू मोजणारं कॅप्नोग्राफ लावा, ३५ ते ४५ ही नेहमीची पट्टी. आकडा त्यावर चढत जाऊ लागला किंवा लाटा विरळ झाल्या की भूलतज्ज्ञांना सांगा, सरांना सक्शन करायला सांगा, गुंगी हलकी होऊ द्या. यादी करताना असा पेशंट दिसला तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच कळवा.

त्यांच्यासाठी दुसरा रस्ता पाण्याचा. आत जाताना गॅस पूर्ण बंद, कोमट पाणी सोडत आतडं उघडायचं, गढूळ पाणी ओढून घ्यायचं. लिटर-दोन लिटर पाणी लागतं, वेळ थोडा जास्त जातो, पण पोट जवळपास फुगत नाही. बाहेर येताना तपासणीपुरता गॅस. सिलिंडर मधेच संपला तर हाही पर्याय हाताशी असतो. तशा वेळी एक करू नका : न बोलता पंप चालू करणं. "सर, सीओटू संपला, हवा लावू का?" असं मोठ्याने विचारा. साध्या तपासणीला ते हो म्हणतील. पण कॉटरी चालू असेल, किंवा आतड्याला भोक पडल्याचा संशय असेल, तर नाही म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, कारण भोकातून पोटात गेलेली हवा तिथेच साठून डायफ्राम वर रेटते आणि श्वास कोंडतो. गॅस्ट्रोस्कोपीत मात्र एवढा जीव टाकायची गरज नाही. पाच मिनिटांची केस, त्यात हवा आणि सीओटूमध्ये पेशंटला विशेष फरक जाणवत नाही. सिलिंडर वाचवायचाच तर तिथे वाचवा, आणि कोलोनोस्कोपी, ईआरसीपी (पित्तनलिकेची दुर्बिणीने तपासणी), मोठे पॉलिप यांना पुरवा.

आता त्या आजी. तुम्ही पंपाचं बघितल्यावर फुगण्याचा अर्थच बदलणार आहे. हवेवर केलेल्या केसमध्ये दोन तासांनी पोट ताठ असलं तर "गॅस आहे, जाईल" म्हणणं बहुधा बरोबर ठरायचं. नुसत्या सीओटूवर केलेल्या केसमध्ये तासाभराने पोट उतरलं नाही, किंवा उतरून पुन्हा चढलं, तर ते गॅसवर ढकलू नका. दुखणं वाढतंय, पोट हाताला लाकडासारखं लागतंय, ताप, नाडी जलद, दम लागतोय, छाती-गळ्याची त्वचा दाबल्यावर खाली करकर लागतेय : यातलं काहीही असेल तर सरांना बोलवा आणि एक्स-रे किंवा सीटी लगेच करा. उद्या सकाळी नाही. पोटात सुटलेला सीओटू काही तासांत शोषला जाऊ शकतो आणि उशिरा काढलेला फोटो स्वच्छ येऊन सगळ्यांना खोटा धीर देतो.

राधानगरीसारखा पन्नासेक किलोमीटरचा एसटीचा रस्ता असेल तर पेशंटला निदान तासभर थांबवा. उठवून कॉरिडॉरमध्ये चालवा, वारा सरला का हे लाजू न देता विचारा, आजींना विचारायला मावशींना पाठवा. बरोबर माणूस असल्याशिवाय सोडू नका, गुंगी घेतलेल्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पॉलिप काढला असेल तर दुखणं-ताप पुढच्या काही दिवसांत आणि रक्त पुढच्या दोन आठवड्यांत कधीही दिसू शकतं, हे फोन नंबरसकट मराठीत लिहून द्या.

सरांना पटवायचं राहिलं. त्यासाठी शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या दहा कोलोनोस्कोपींना बेंबीवरून पोटाचा घेर मोजा : गुंगी देण्याआधी, स्कोप काढल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने. पेशंट पाठीवर, श्वास सोडलेला, टेप त्याच जागी. बाजूला लिहा, पंप बंद होता का, केस किती मिनिटांची, बटण कुठलं. मागचे घेर तुमच्याकडे नाहीत, पण तिसरा आकडा पहिल्याजवळ येतोय की दुसऱ्याजवळ राहतोय ते दहा ओळींत दिसेल. पंपाची चूक आधी सापडली तर ती सरांना पेशंटसमोर सांगू नका, चहाच्या वेळी वाडगा घेऊन जा.